साडेसात

लर्विकला जूनमध्ये दिवेलागण होतच नाही.
साडेदहाला सूर्य बुडतो तोही नाइलाजाने,
मागे दुधाळ उजेड सांडून ठेवतो,
आणि आमच्या घरात मात्र
साडेसातला पडदे ओढलेले,
पाच माणसं पायजम्यात.

कारण आठला ड्यूटी बदलते.
एवढंच. दुसरं कारण असतं
तर सांगितलं असतं.

एर्लेंड अठ्ठावन्न वर्षांचा.
त्यातली एकतीस गेली
समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या इमारतीत,
जिथे टॉवेलांवर नंबर होते.
इथे आला तेव्हा आम्ही म्हणालो, हे तुझं घर.
त्याने विचारलं, माझा नंबर?
आम्ही हसलो. केवढा आमचा मोठेपणा!
मग त्याच्या ताटाला, कपाला, दाराला
लेबलं चिकटवली. नावाची.

त्याची वही बघा, चोख आहे.
किती पाणी प्याला, किती वेळा शौचाला गेला,
वजन, गोळ्या, डावा गुडघा.
टोस्टचे चार तुकडे करून देणे.
त्याला दात आहेत, शाबूत आहेत,
पण एकदा कुणाला तरी ठसका लागला होता,
तोही दुसऱ्याच घरात,
तेव्हापासून सगळ्यांचे चार तुकडे.

पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी
त्याच्या पांघरुणावर पडायची
आणि तो तिच्यावर हात ठेवून पडून राहायचा,
मांजरावर ठेवावा तसा.
"इंगा, सूर्य मोठा आहे?"
"खूप मोठा," मी म्हणायचे आणि दार लोटायचे.
तीन वर्षं मला वाटत होतं
तो आकाराबद्दल विचारतोय.

मग एका गुरुवारी धुक्याने विमानं अडवली.
संध्याकाळी धुकं विरलं,
रात्रीची बाई मात्र ॲबर्डीनलाच राहिली,
आणि मी एकटी, सकाळपासून उभी.
तत्त्व वगैरे काही नव्हतं, पाय दुखत होते.
म्हटलं, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा.

ओस्ला लगेच झोपली. तिला झोप आवडते.
तिघं टीव्हीपुढे पेंगली.
एर्लेंडने पायजमा उतरवून परत पँट चढवली,
बूट घातले, लेस मला बांधायला लावली
आणि मागच्या पायरीवर जाऊन बसला.

काही घडलं नाही.
खाडीत एक सील डोकं वर काढून
आमच्याकडे बघत राहिला.
शेजारचा गिडियन बोट धुऊन परतला,
थबकला. "तू इथे राहतोस?"
सहा वर्षांनी.
खिशातून त्याने सफरचंद काढून दिलं, अख्खं.
मी श्वास रोखला.
एर्लेंड सावकाश चावत राहिला, मोठा आवाज करत,
देठ तेवढा उरला, तो खिशात ठेवला.
मग खाडीपलीकडे बोट दाखवून म्हणाला,
"तो मोठा आहे. म्हणून त्याला जागू देतात."

अकरा चाळीसला उठला. "आता."
"आता काय?"
"आता मी."

वहीत लिहिलं: ११.४०, स्वतः झोपायला गेला.
खाली मॅनेजरने लाल पेनाने विचारलं: का?

पाच महिने, चार बैठका.
मंगळवार आणि शुक्रवार, ड्यूटी दहापर्यंत.
बाकी दिवस साडेसातच.
पैसे नाहीत म्हणाले. खरंच नसतील.

मंजुरी आली तोवर नोव्हेंबर सरला होता.
आता तो रोज उठल्या उठल्या वार विचारतो.
बुधवार म्हटलं की मान हलवतो, तुकडा उचलतो.
मंगळवारी टोस्ट गार होतो,
तो सकाळपासून बूट घालून बसलेला असतो.

काल रात्री नऊला, पायरीवर, मिट्ट काळोखात,
नाकातून वाफ सोडत म्हणाला,
"त्याला आज तीनलाच झोपवलं.
त्याच्याकडे ड्यूटी बदलली असेल."

मी लेस बांधून दिली.
डावी जरा सैल, गुडघ्यासाठी.